लॅपटॉपची मेमरी कोठें जाते ?

रोग्याची नाडी पाहिल्यावांचून जो वैद्य औषधाची पुडी बांधतो, त्याच्या दाराशीं शहाणा मनुष्य दुसऱ्यांदा जात नाहीं. परंतु घरांतील यंत्र आजारी पडलें म्हणजे हेंच शहाणपण आपण विसरतों. लॅपटॉप मंद चालूं लागला कीं कोणी म्हणतो, "जुना झाला". कोणी म्हणतो, "व्हायरस शिरला". कोणी म्हणतो, "मेमरी वाढवा". आणि शेजारचा एकादा जाणता नवाच घेण्याचा सल्ला देऊन मोकळा होतो. यांपैकीं एकानेंही यंत्राची नाडी पाहिलेली नसते. प्रस्तुत लेखांत लॅपटॉपच्या अशाच एका आजाराची हकीकत सांगावयाची आहे. त्याचें मूळ कोणाच्या ध्यानींमनीं नसलेल्या ठिकाणीं, म्हणजे वायफाय चालविणाऱ्या एका लहानशा प्रोग्रॅमांत असतें. तें ओळखण्याचें मुख्य साधन लॅपटॉपमध्येंच असतें. आणि त्यावरील इलाजास बहुतकरून एक पैसाही पडत नाहीं. म्हणून विद्यार्थ्यांनीं तर हा लेख वाचावाच. पण ज्यांच्या खिशांतून नव्या लॅपटॉपचे पैसे जावयाचे असतात, त्या पालकांनींही तो वाचावा अशी विनंति आहे.

प्रथम मेमरी म्हणजे काय तें पाहूं. शाळेच्या वाचनालयांत पुस्तकें ठेवण्याचीं कपाटें असतात आणि वाचावयास बसण्याचीं टेबलें असतात. कपाटांत हजारों पुस्तकें मावतात. टेबलें थोडीं असतात. पण वाचणें होतें तें टेबलावरच. लॅपटॉपमध्यें डिस्क हें कपाट होय, आणि मेमरी, जिला रॅम असेंही म्हणतात, हें टेबल होय. साधारण लॅपटॉपमध्यें ८ किंवा १६ गिगाबाइट मेमरी असते. एक गिगाबाइट म्हणजे १०२४ मेगाबाइट. एकादा प्रोग्रॅम उघडला कीं तो टेबलावर जागा मागतो, आणि विंडोज ही जी लॅपटॉपची मूळ व्यवस्था, ती ग्रंथपालाप्रमाणें त्यास जागा नेमून देते. प्रोग्रॅम बंद झाला म्हणजे त्याची जागा विंडोज परत घेते. त्यानें आपला पसारा स्वतः आवरला नसला तरी हरकत नाहीं. वाचक उठून गेला कीं ग्रंथपाल त्याचें टेबल साफ करून घेतो. म्हणून साध्या प्रोग्रॅमनें मेमरी अडविली असेल, तर तो बंद करतांच ती मोकळी होते.

ड्रायव्हरची गोष्ट निराळी आहे. लॅपटॉपमधील वायफायचें कार्ड, छापण्याचें यंत्र, कॅमेरा, हे भाग निरनिराळे कारखानदार करतात. त्या प्रत्येकाची भाषा विंडोजला कोठून ठाऊक असणार? म्हणून भाग करणारा कारखानदारच त्याबरोबर एक दुभाषी देतो. त्या दुभाष्यास ड्रायव्हर म्हणतात. हा दुभाषी बाहेरच्या वाचकांत बसत नाहीं. त्यास ग्रंथपालाच्या खोलींत, म्हणजे विंडोजच्या गाभ्यांत, प्रवेश असतो, आणि त्या खोलीची किल्लीही त्याच्याजवळ असते. तो घरचा मनुष्य समजला जातो. त्यानें उचललेली जागा त्यानें आपण होऊन परत करावी, असा विश्वास त्यावर टाकलेला असतो. त्यानें परत केली नाहीं, तर झाडून घ्यावयास मागें कोणी नसतें. ती जागा लॅपटॉप खऱ्या अर्थानें पुन्हां सुरू होईपर्यंत अडकून राहते.

या आंतल्या खोलींत मेमरीचे दोन सांठे असतात. एकास 'पेज्ड पूल' व दुसऱ्यास 'नॉन-पेज्ड पूल' म्हणतात. येथें 'पूल' या शब्दाचा नदीवरील पुलाशीं कांहीं संबंध नाहीं. सामाईक सांठा असा त्याचा अर्थ आहे. पहिल्या सांठ्यांतील वस्तु गर्दीच्या वेळीं तात्पुरत्या डिस्कवर नेऊन ठेवतां येतात. दुसऱ्यांतील वस्तु मात्र मेमरीबाहेर हलवितां येत नाहींत. वायफायच्या ड्रायव्हरास हा दुसरा सांठा लागतो, आणि त्याचें कारणही सयुक्तिक आहे. हवेंतून येणारी माहिती लहान लहान पुडक्यांनीं येते. तीं केव्हां येतील याचा नेम नसतो. आणि पुडकें दाराशीं आल्यावर "थांब, जागा डिस्कवरून आणवितों" असें म्हणावयास ड्रायव्हरास सवड नसते. त्याची जागा त्या क्षणीं हातांशीं तयारच पाहिजे.

आतां एक हिशेब करून पाहूं. एक पुडकें साधारणपणें १५०० बाइटांचें धरलें, तर एक गिगाबाइट माहिती उतरवून घेण्यास सुमारें ७ लाख पुडकीं यावीं लागतात. समजा, ड्रायव्हरांत अशी चूक राहून गेली आहे कीं दर शंभर पुडक्यांमागें एकाची जागा तो परत करण्यास विसरतो, आणि ती जागा २ किलोबाइटांची आहे. तर एका गिगाबाइटामागें सुमारें १४ मेगाबाइट मेमरी कायमची अडकली. हा आकडा क्षुल्लक दिसतो. परंतु ज्या घरांत दोन मुलें दिवसभर चित्रफितींवरून धडे पाहतात, तेथें थेंबाथेंबानें हें तळें रितें होण्यास फार दिवस लागत नाहींत. या प्रकारास इंग्रजी जाणणारे 'लीक', म्हणजे गळती, म्हणतात.

अशी चूक राहते तरी कशी, असें कोणी विचारील. ड्रायव्हर बहुधा सी नांवाच्या संगणकभाषेंत लिहितात. त्या भाषेंत घेतलेली जागा केव्हां सोडावयाची, हें लिहिणाऱ्यानेंच प्रत्येक ठिकाणीं सांगावें लागतें. नेहमींच्या वाटेवर तो सांगतो. पण जोडणी मध्येंच तुटली, सिग्नल क्षीण झाला, लॅपटॉप झोपेंतून जागा झाला, अशा आडवाटा पुष्कळ असतात. त्यांतील एकाद्या वाटेवर "सोड" हा शब्द लिहावयाचा राहून जातो. म्हणूनच एकाच जातीचे दोन लॅपटॉप असले तरी राउटरच्या शेजारीं बसणाऱ्यास कांहीं जाणवत नाहीं, आणि दोन भिंतींपलीकडे बसणाऱ्याचा लॅपटॉप दुपारपर्यंत गुदमरतो.

हा आजार ओळखण्याची खूण एकच, पण पक्की आहे : जमाखर्च जुळत नाहीं. 'कंट्रोल', 'शिफ्ट' व 'एस्केप' या तीन कळी एकदम दाबल्या म्हणजे 'टास्क मॅनेजर' नांवाची खिडकी उघडते. तींत चालू असलेल्या प्रोग्रॅमांची यादी व प्रत्येकानें घेतलेली मेमरी दिसते. सर्व प्रोग्रॅम बंद करावे, उरलेल्यांची ढोबळ बेरीज करावी, आणि ती एकंदर वापरलेल्या मेमरीशीं ताडून पाहावी. दोहोंत थोडें अंतर असणारच, कारण विंडोजचा स्वतःचा संसार आहे. पण बेरीज दोन गिगाबाइटांची आणि एकंदर खर्च सहाचा असेल, तर मधले चार गेले कोठें, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. त्याचें उत्तर त्याच खिडकींत, 'परफॉर्मन्स' या भागांत 'मेमरी' वर टिचकी मारली असतां तळाशीं मिळतें. तेथें 'नॉन-पेज्ड पूल' असें लिहून पुढें आकडा दिलेला असतो. निरोगी लॅपटॉपमध्यें तो सामान्यतः कांहीं शें मेगाबाइटांच्या आंतबाहेर असतो. तो दोन तीन गिगाबाइटांवर गेला असेल, आणि तासागणिक चढतच असेल, तर गळती गाभ्यांत आहे असें समजावें. तेथेंच 'कॅश्ड' असा दुसरा एक आकडा दिसतो. तो मोठा असला म्हणून भिऊं नये. रिकामी पडलेली जागा विंडोज पुढें लागणाऱ्या वस्तु जवळ ठेवण्यासाठीं वापरते, आणि कोणी मागतांच ती सोडून देते.

गेल्या वर्षीं आमच्या दहावीच्या वर्गांतील एका मुलीच्या घरीं हाच प्रसंग आला. वडील मोटारी दुरुस्त करणारे. घरांत ८ गिगाबाइट मेमरीचा एकच लॅपटॉप, आणि त्यावर ही मुलगी व तिचा कॉलेजांत जाणारा भाऊ असे दोघे अभ्यास करणारे. दुपार झाली कीं लॅपटॉप इतका मंद होई कीं लिहिलेलें अक्षर दिसावयास जप करीत बसावें लागे. एका दुकानदारानें तो न उघडतांच नवा घेण्याचा सल्ला दिला. त्यासाठीं वडील मुलीच्या अकरावीच्या प्रवेशासाठीं बाजूस ठेवलेली रक्कम मोडण्याच्या विचारांत होते. त्यांस मीं वरील खिडकी दाखविली आणि आकडे वहींत टिपून आणावयास सांगितलें. तेव्हां ते म्हणाले, "सर, हें तर आमच्याच धंद्यातलं झालं. गाडीची बॅटरी रात्रींत उतरत असली, तर आम्ही मीटर लावतो आणि एकेक फ्यूज काढून बघतो. ज्या फ्यूजला मीटरचा कांटा पडतो, त्याच वायरींत घोटाळा."

माझ्या दहा वाक्यांनीं जें झालें नसतें तें त्या गृहस्थांच्या एका वाक्यानें झालें, कारण शास्त्राची सगळी रीत त्यांत आली आहे. मोजावें, एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, पुन्हां मोजावें. मुलीनें रविवारीं लॅपटॉप 'रिस्टार्ट' करून टिपणें केलीं. सकाळीं ८ वाजतां नॉन-पेज्ड पूल ३०० मेगाबाइट. १० वाजतां ९००. १२ वाजतां १६००. २ वाजतां २२००. नंतर दोन तास तिनें वायफाय बंद ठेवलें आणि इतर काम तसेंच चालू ठेवलें. ४ वाजतां आकडा २२०० वरच होता. पुन्हां वायफाय सुरू केलें. ६ वाजतां तो २८०० झाला. फ्यूज सांपडला. येथें एक गोष्ट लक्षांत ठेवावी कीं वायफाय बंद केल्यानें अडकलेली मेमरी परत येईलच असें नाहीं. वाढ थांबते कीं नाहीं, इतकेंच पाहावयाचें असतें.

यापुढील पायरी थोडी कठीण आहे. ती वरच्या वर्गांतील मुलांनीं मोठ्यांस जवळ बसवून करावी. गाभ्यांतील सांठ्यांतून जागा घेणारा प्रत्येक ड्रायव्हर आपल्या मागणीवर चार अक्षरांची एक खूण लिहितो; वाचनालयाच्या चिठ्ठीवर आपण आद्याक्षरें लिहितों त्याप्रमाणें. या खुणा २००३ सालच्या विंडोज सर्व्हरपासून व त्यापुढील सर्व विंडोजमध्यें नेहमींच चालू असतात. त्या वाचण्यासाठीं मायक्रोसॉफ्टनें 'पूलमॉन' नांवाचें एक हत्यार केलें असून, तें ड्रायव्हर लिहिणाऱ्यांच्या साधनांच्या संचांत फुकट मिळतें. तें व्यवस्थापकाच्या अधिकारानें चालवावें. 'पी' ही कळ दाबली म्हणजे कोणता सांठा दाखवावयाचा तें बदलतां येतें, आणि 'बी' दाबली म्हणजे सर्वांत जास्त जागा घेणारा सर्वांत वर येतो. प्रत्येक खुणेपुढें जागा किती वेळां घेतली, किती वेळां सोडली, आणि दोहोंतील अंतर किती, हे आकडे असतात. निरोगी ड्रायव्हर लाख वेळां घेतो व जवळजवळ लाख वेळां सोडतो. ज्याचें घेणें वाढत जातें आणि सोडणें मागें राहतें, तो आपला ऋणको होय.

खूण हातीं आली म्हणजे ती कोणाची हें शोधावयाचें. विंडोजच्या फोल्डरांत 'सिस्टिम ३२' आणि त्याच्या पोटांत 'ड्रायव्हर्स' असें फोल्डर आहे. तेथील फाइलींत तीं चार अक्षरें शोधलीं असतां संशयित फाइल बहुधा सांपडते, आणि तिच्या 'प्रॉपर्टीज' मध्यें कारखानदाराचें नांव असतें. तथापि एकट्या खुणेवरून शिक्षा ठोठावूं नये. कांहीं खुणा सामाईक असतात; शिवाय एका ड्रायव्हरानें घेतलेली जागा दुसऱ्याच्या निष्काळजीपणामुळें अडकूनही राहते. उदाहरणार्थ, कोणत्या प्रोग्रॅमनें इंटरनेट किती वापरलें याचा हिशेब ठेवणारा 'एन-डी-यू' नांवाचा ड्रायव्हर विंडोजमध्येंच आहे. तो यादींत वर दिसला म्हणजे रजिस्ट्रींत जाऊन त्यास बंद करावें, असा सल्ला पुष्कळजण देतात. त्यानें वापराचा हिशेब दिसेनासा होतो, आणि रोग मूळ वायफाय ड्रायव्हरांत असला तर तो तेथेंच राहतो. हा उपाय शेवटचा समजावा. वायफाय बंद-चालू करण्याच्या प्रयोगाशीं खुणेची साक्ष जुळली, तरच ती खरी मानावी.

वर सांगितलेल्या घरीं साक्ष जुळली. पण दोषी निघाला तो मूळचा ड्रायव्हर नव्हता. कार्डाबरोबर "इंटरनेटचा वेग वाढविणारा" म्हणून एक जास्तीचा प्रोग्रॅम आला होता. कोणत्या कामास आधीं वाट द्यावी हें ठरविण्यासाठीं तो येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक पुडक्याच्या वाटेंत आपला एक ड्रायव्हर उभा करीत असे. दारांत दोन द्वारपाल. त्यांतील दुसऱ्याची मुळांत गरजच नव्हती, आणि चिठ्ठ्या परत न करणारा तोच होता.

आतां इलाज पाहूं. पहिली गोष्ट, तयारी. ज्या दोरीनें विहिरींत उतरावयाचें ती आधीं बांधून घ्यावी. वायफायचा ड्रायव्हर काढल्यावर नवा आणावयास वायफाय उरत नाहीं! म्हणून लॅपटॉप करणाऱ्या कंपनीच्या अधिकृत पानावरून, आपल्याच मॉडेलचा क्रमांक पाहून, ड्रायव्हर आधीं उतरवून पेनड्राइव्हवर ठेवावा. तेथें न मिळाल्यास कार्डाची चकती ज्यानें केली, उदाहरणार्थ इंटेल, त्याच्या अधिकृत पानावर पाहावें. "तुमचे सर्व ड्रायव्हर एका क्षणांत सुधारतों" असें ओरडणाऱ्या अनोळखी प्रोग्रॅमांच्या वाटेस जाऊं नये. आपल्या घराची आंतली किल्ली रस्त्यावरील मनुष्याच्या हातीं देण्यासारखें तें आहे. मग 'सिस्टिम रिस्टोअर' मध्यें परतीची एक खूण करून ठेवावी, म्हणजे कांहीं बिघडल्यास मागें येतां येतें.

दुसरी गोष्ट, नोंद. 'डिव्हाइस मॅनेजर' उघडून 'नेटवर्क अडॅप्टर्स' मधील वायफायच्या नांवावर जावें आणि 'प्रॉपर्टीज' मधील 'ड्रायव्हर' या भागांतील तारीख व आवृत्तीचा क्रमांक वहींत लिहून घ्यावा. तिसरी गोष्ट, प्रत्यक्ष बदल. आणि तोही एका वेळीं एकच. वेग वाढविणारा जास्तीचा प्रोग्रॅम असेल तर आधीं तो काढावा, लॅपटॉप पुन्हां सुरू करावा, आणि मोजावें. तेवढ्यानें भागलें नाहीं तर नवी आवृत्ति बसवावी. आजार एकाद्या नव्या आवृत्तीनंतरच सुरू झाला असेल, तर त्याच ठिकाणच्या 'रोल बॅक ड्रायव्हर' या बटनानें जुन्याकडे परत जावें; मागील आवृत्ति लॅपटॉपमध्यें शिल्लक नसेल तर तें बटन फिकट दिसतें व दाबलें जात नाहीं. विंडोजच्या आपोआप होणाऱ्या सुधारणेबरोबर सदोष आवृत्ति पुन्हां येऊं शकते. म्हणून महिन्याभरानें क्रमांक एकदां ताडून पाहावा.

येथें नेहमीं फसविणाऱ्या तीन गोष्टींविषयीं सावध करणें जरूर आहे. पहिली, 'शट डाउन' आणि 'रिस्टार्ट' हीं एकच समजणें. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नांवाची सोय आली. ती चालू असली म्हणजे 'शट डाउन' करतांना आपले प्रोग्रॅम बंद होतात, पण गाभ्याची स्थिति जशीच्या तशी डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशीं तीच परत उचलली जाते. त्यामुळें रात्रीं लॅपटॉप बंद केला तरी सकाळीं अडकलेली मेमरी अडकलेलीच राहूं शकते. 'रिस्टार्ट' केल्यानें मात्र गाभा नव्यानें उभा राहतो. 'शिफ्ट' ही कळ दाबून ठेवून 'शट डाउन' केलें तरी पूर्णपणें बंद होतें. झांकण मिटणें म्हणजे तर बहुधा नुसती झोप. त्यानें कांहींच मोकळें होत नाहीं.

दुसरी गोष्ट, "मेमरी साफ करणारे" प्रोग्रॅम. ते फार तर साध्या प्रोग्रॅमांच्या वस्तु टेबलावरून तात्पुरत्या हलवितात. ग्रंथपालाच्या आंतल्या खोलींत त्यांचा हात पोंचत नाहीं. आंकडा क्षणभर खालीं येतो, मन समाधान पावतें, आणि गळती चालूच राहते.

तिसरी गोष्ट, मेमरी वाढविणें. समजा, तासाला २०० मेगाबाइट गळतात आणि ४ गिगाबाइट मोकळी जागा आहे. ती सुमारें २० तासांत संपेल. आणखी ८ गिगाबाइट विकत घेऊन बसविली, तर सुमारें ४० तास अधिक मिळतील, आणि मग तोच प्रसंग. फुटक्या घागरीऐवजीं मोठी फुटकी घागर घेतल्यासारखेंच तें झालें. यावरून मेमरी कधींच वाढवूं नये असा मात्र अर्थ कोणी काढूं नये. मोजल्यावर नॉन-पेज्ड पूल स्थिर दिसला, जमाखर्च जुळला, आणि तरीही रोजच्या कामांतच टेबल भरून जात असेल, तर टेबल खरोखरच लहान आहे. तेथें पैसा खर्च करणें योग्य. कित्येकदां ब्राउझरच्या पन्नास उघड्या पानांनींच जागा खाल्लेली दिसेल; तेव्हां तीं बंद करणें एवढाच इलाज पुरे. मोजण्याचा गुण हाच कीं तें आपल्या आवडीचें उत्तर देत नाहीं, खरें उत्तर देतें.

शेवटची पायरी बहुतेक लोक गाळतात. इलाज केल्यावर लॅपटॉप चपळ वाटला म्हणून काम संपलें असें नाहीं. पुन्हां सुरू केल्यावर पहिले चार तास तो आजारीपणींही चपळच होता! म्हणून पहिल्या दिवशीं ज्या वेळीं व ज्या कामांत मोजलें, त्याच वेळीं व त्याच कामांत पुन्हां मोजावें. त्या मुलीनें पुढच्या रविवारीं तसें केलें. सकाळीं ८ वाजतां ३०० मेगाबाइट. संध्याकाळीं ६ वाजतां ३४०. दोन्ही रविवारचे आकडे तिनें एका पानावर समोरासमोर लिहिले होते. तें पान पाहून कोणासही कांहीं समजावून सांगावें लागलें नाहीं. लॅपटॉप तोच राहिला, आणि अकरावीची रक्कम ज्या कामासाठीं ठेवली होती त्या कामीं आली.

विद्यार्थिमित्रांनो, पुढें तुम्हांपैकीं थोडेच संगणकाचे कारागीर होतील. पण प्रत्येकाच्या घरांत यंत्रें असतील, आणि तीं बिघडतीलही. तेव्हां ज्याच्या हातांत आकडे असतात त्यास कोणी सहज फसवूं शकत नाहीं, आणि तो स्वतःही स्वतःस फसवीत नाहीं. पालकांसही एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, लॅपटॉप मंद झाला असतां मुलांस वही व पेन्सिल घेऊन एक दिवस त्याजवळ बसवावें, दर दोन तासांनीं एक आकडा लिहूं द्यावा, आणि ती वही पाहिल्यावरच पैशांच्या पेटीस हात घालावा.